उरलेल्या पाण्यातला रुमाल

दाजीबानपेठेतल्या देवळामागच्या पडवीत मी मुलांना बांधणी शिकवत असे. सोपं काम. खादीच्या तुकड्यात हरभरा धरायचा, वर दोरा करकचून आवळायचा, कापड भिजवून पळसाच्या फुलांच्या ऊन पाण्यात सोडायचं. पाण्यात तुरटी हवी, नाहीतर पहिल्या धुण्यातच रंग पळतो. वाळल्यावर दोरा सोडला की हरभऱ्याच्या जागी पांढरी टिकली. पाच वर्षांच्या पोराला जमतं. देवळाच्या पंचांना मात्र जमलं नाही.

पंच म्हणजे एक वकील. व्याख्यानात समतेचे कैवारी. एकदा मी सरपण आणायला गेले, तेवढ्यात त्यांनी हुकूम सोडला: आधी पेठेतली मुलं, मग त्याच पाण्यात गिरणीच्या चाळीतली. पेठेचे रुमाल केशरी निघाले. चाळीच्या वाट्याला रंग चोखलेलं पाणी. चाळीतल्या एका चिमुरडीने आपला फिकट रुमाल माझ्यापुढे धरून कानडीत विचारलं.

"अक्का, नंदू याक हिंग?" माझाच असा का?

काय सांगणार? तुझी आई गिरणीत राबते म्हणून?

दुसऱ्या दिवशी ती तोच रुमाल जुन्या टिकल्यांवर पुन्हा बांधून घेऊन आली. मी ताजं पाणी उकळलं आणि तिचाच रुमाल आधी सोडला. वकील धावत आले.

"बाई, आता त्या भांड्यात आमची मुलं हात घालतील होय?"

"नका घालू. कोरे राहा."

"पडवी देवळाची आहे!"

"आणि पळस रानातला आहे. देवाला विचारून फुलला नाही."

त्यांनी कुलूप मागवलं. मी आणि चाळीतल्या मुलांनी भांडं तसंच गरम उचलून रस्त्यावर आणलं. पेठेची मुलं देवळाच्या फाटकाआडून बघत राहिली. वकिलांनी त्यांना आत ओढून घेतलं.

रुमाल वाळला. पोरीने दातांनी दोरे तोडले. गडद केशरी! पण तिच्या गाठी जरा सरकल्या होत्या. प्रत्येक टिकलीच्या कडेला कालचा फिकट पिवळा रंग चंद्रकोरीसारखा राहिला होता.

"बघा, डाग राहिलाच," फाटकातून वकील म्हणाले.

"राहणारच. तो तुमच्या हातचा आहे."

पोरीने रुमाल गळ्याला बांधला आणि देवळासमोरूनच घरी गेली. पडवीचं कुलूप आजही तसंच आहे. आम्ही रस्त्यावरच रंगवतो.