मोटारीसमोरचा ओटा

वडनेर भोलजीत मी शाळामास्तर होतो तेव्हा आमच्या गल्लीत एकच मोटार होती. ती समोरच्या शेजाऱ्याची. सडकेला लागून त्याची कपाशीची जमीन होती आणि घरात खाणारी माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. मूलबाळ नव्हतं. त्यानं अकोल्याहून एक जुनी काळी मोटार आणली, गोठ्याचा अर्धा भाग मोकळा केला आणि बैलांशेजारी ती उभी केली. सकाळी तो तिला फडक्यानं पुसायचा, आम्ही दात घासत पाहायचो.

माझी दोन लेकरं तेव्हा लहान होती. मुलगी नुकती बोलू लागली होती आणि मुलगा धरून धरून उभा राहत होता. त्याच्यासाठी माझ्या मामांनी सागाचा पांगुळगाडा करून आणला होता. मामा सुतार नव्हते. तीन चाकं तासता तासता त्यांच्या तळहाताला फोड आले होते. एक चाक जरा वाकडं होतं, त्यामुळे गाडा सारखा डावीकडे ओढायचा आणि मुलगा गोल गोल फिरत राहायचा.

एका सकाळी शेजारी मोटार मागे घेत होता. मुलगा अंगणात गाडा ढकलत होता. माझ्या बायकोनं धावत जाऊन त्याला दंडाला धरून ओढलं, आणि त्याच क्षणी मागचं चाक पांगुळगाड्यावरून गेलं. कडकन आवाज झाला. मी शाळेत निघालो होतो, तसाच धावलो.

शेजारी खाली उतरला. लेकराकडे त्यानं पाहिलंच नाही. आधी वाकून मोटारीचा मडगार्ड पाहिला, बोटानं चाचपला. मग म्हणाला, "लेकरं आवरत जा मास्तर. मोटारीले डोळे नसतात."

आणि गाड्याचे तुकडे पायानं बाजूला सारून तो निघून गेला.

मुलाच्या दंडावर बायकोच्या बोटांचे वळ उठले होते. ते वळ मी पाहून घेतले. दिवसभर वर्गात पाढे म्हणवून घेताना मी एकच विचार करत होतो, याला कुठं धरायचं.

उत्तर माझ्या दारातच होतं. गल्ली अरुंद होती. मोटार गोठ्यात शिरायची तर तिला माझ्या अंगणातून वळसा घ्यावा लागे. अंगण माझं, हे गावाला ठाऊक होतं, पण बैलगाड्या पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच वळत आल्या होत्या आणि कुणी कुणाला अडवलं नव्हतं. बैलगाडी तशी आखूडच वळते. मोटारीला जागा लागते.

दिवाळीच्या सुट्टीत तो बायकोला घेऊन सासुरवाडीला, धामणगाव बढ्याला गेला. मी गवंडी बोलावला. अंगणाच्या कडेला, बैलगाडी जाईल पण मोटार वळणार नाही असा, काळ्या दगडाचा ओटा बांधून घेतला. दगड मी स्वतः वाहिले. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही बांधलं नाही.

परत आल्यावर त्यानं मोटार दोनदा पुढे-मागे केली, मग इंजिन बंद केलं.

"मास्तर, हे काय काढलं?"

"ओटा."

"माही गाडी कशी वळन?"

"लेकरायले खेळाले जागा पाहिजे ना," मी म्हणालो.

त्यानं ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं होतं, आणि मला हेच हवं होतं.

मोटार मारुतीच्या पारापाशी, उघड्यावर उभी राहू लागली. तिच्या टपावर शेळ्या चढल्या. कावळ्यांनी ती पांढरी केली. पोरांनी दारावर कोळशानं चित्रं काढली. उन्हाळ्यात रंगाचे पोपडे निघाले. मी खिडकीत चहा पीत ते पाहायचो, चहा गोड लागायचा.

बायको म्हणायची, "तोडून टाका तो ओटा. रोज तोंडासमोरचा माणूस हाय."

"तुह्या लेकराच्या अंगावर गाडी घातली त्यानं."

"घातली नाही, गेली," ती म्हणायची.

ओटा बांधला त्याच हिवाळ्यात एका सकाळी मुलगी घरात दिसेना. विहीर पाहिली, गोठा पाहिला. ती पारापाशी सापडली. मोटारीत, शेजाऱ्याच्या मांडीवर, दोन्ही हातांनी चाक धरून "पों पों" करत होती. तो तिला भोंगा वाजवू देत होता. मी तिला ओढून काढलं तर ती माझ्या हाताला चावली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. कडी घातली तर दारावर डोकं आपटायची. मुलगा माझ्याच ओट्याच्या कडेला धरून चालायला शिकला, आणि ज्या दिवशी त्यानं हात सोडला त्या दिवशी तो लडखडत थेट मोटारीकडे गेला. शेजाऱ्याची बायको पारावरून ओरडली, "चालला वं, चालला!" ते पाऊल तिनं पाहिलं. मी शाळेत होतो.

आठवड्याभरात शेजाऱ्यानं एक नवा पांगुळगाडा पाठवला. चांगल्या सुताराकडून घडवलेला, तिन्ही चाकं सरळ, पुढे पितळी घुंगरं. मी घुंगरं उपटून परत पाठवली आणि गाडा न्हाणीच्या चुलीत घातला. त्यावर तापलेल्या पाण्यानं मी अंघोळ केली. बायको बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर मोटार चालू होईनाशी झाली. मलकापूरकडचा एक माणूस ती बैलजोडीनं ओढून न्यायला आला. मी ओट्यावर उभा राहिलो. या दिवसाची मी वाट पाहत होतो. बैल पुढे, मागे काळी मोटार, आणि तिच्यामागे रडत धावणारी माझी दोन्ही लेकरं. सडकेच्या वळणावर लेकरं थांबली. शेजारी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. मी ते पोटभर पाहिलं.

मुलगी हुंदके देत परत आली. मी ओट्यावरून उतरलो आणि तिला घ्यायला हात पुढे केले. ती माझ्या बाजूनं वळली आणि त्याच्याकडे गेली. त्यानं तिला उचललं. तिच्या खांद्यावरून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी धाकट्याला काखेत घेतलं आणि आत गेलो.