करपा फोटोत नको

कृषी महाविद्यालयात पाहुणे यायचे होते, म्हणून माझी मैत्रीण सुनंदा हिने प्रयोगशाळेतल्या टेबलावर काचेच्या दोन बंद पेट्या मांडल्या होत्या. दोन्हींत भाताची रोपं होती. एकीतली पानं करपा रोगाच्या तपकिरी डागांनी भरलेली, दुसरीतली हिरवीगार.

"बुरशी दोन्हींवर सोडलीय," तिने मला समजावलं. "तिच्यात एक प्रथिन असतं. कुठली जनुकं कधी चालू करायची, ते हे प्रथिन ठरवतं. दुसऱ्या पेटीतल्या बुरशीतून मी ते काढून टाकलं. आता ती जगते, वाढते, पण पानात शिरणं तिला जमत नाही."

एवढ्या फरकापर्यंत पोहोचायला तिची कितीतरी वर्षं गेली होती.

पाहुणे आले. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, ती रोगट पेटी बाजूला करा. फोटोत वाईट दिसतेय." शिपायाने ती उचलून कोपऱ्यात नेलीसुद्धा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी करपलेली पानं नसतील तर ही हिरवी पानं काय सांगणार? तशी तर कुठल्याही निरोगी शेतात दिसतात. आपल्याला रोग बरा झालेला हवा असतो, त्याच्याकडे पाहायची मात्र तयारी नसते. दवाखान्यांच्या भिंतींवरही हसरी, धडधाकट माणसंच रंगवलेली असतात.

सुनंदाने कोपऱ्यातली पेटी उचलली, छातीशी धरली आणि पाहुण्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काढा आता," ती म्हणाली.