भीतीनं अडलेलं दूध

"जीन नकाशा देतं, हार्मोन हुकूम देतं. कळलं का गं?" असं म्हणत मॅडम टेबलावर हात आपटायच्या आणि आमच्या काचपट्ट्या उडायच्या.

विद्यानगरातल्या आमच्या प्रयोगशाळेत दूधग्रंथी कशी वाढते यावर काम चाले. मॅडम उंदरीची मान एका झटक्यात मोडायच्या, कातडी उसवायच्या, ग्रंथी काचेवर पसरून लाल रंगवायच्या. वयात येताना इस्ट्रोजेननं वाढवलेल्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या दिसत. माझ्या हातून ग्रंथी फाटली की मॅडम काचपट्टी भिंतीवर फोडायच्या. "फुकट मारलीस तिला, बेटा!" तेव्हा मॅडमचे डोळे भरलेले असत. तुम्ही ते पाहिले असते, तर तुम्हीही रागावला नसता. दुपारी त्याच मॅडम स्वतःच्या डब्यातलं बघारं बैंगन मला वाढायच्या.

एका रविवारी मी त्यांच्या काचीगुड्याच्या घरी गेले होते. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची नुकतीच बाळंत झालेली सून किंचाळत होती. "एवढी अळिवाची खीर खाल्लीस, दूध कुठाय?" सासू ओरडत होती आणि नवरा लाटण्यानं मारत होता.

मॅडम वर धावल्या. लाटणं हिसकावून त्यांनी ते त्याच्याच मनगटावर हाणलं.

"मावशी, अळीव कायकू? आधी पोराचा हात धरा! बाई भ्याली की दूध उतरवणारं हार्मोनच अडतं!"

पोरीला बाळासकट खाली आणून त्यांनी कडी लावली. थोड्याच वेळात नवऱ्यानं लाथांनी दार तोडलं. हातात लोखंडी सळई होती. मॅडम पोरीच्या पुढं उभ्या राहिल्या आणि सळई त्यांच्या डोक्यात बसली. मी किंचाळले, शेजारी धावले, पोलिसांनी त्याला नेलं. त्याची बोटं मोडावीत असं मला अजून वाटतं.

दवाखान्यात मॅडमनी डोळे उघडले.

"दूध उतरलं तिला?"

"नाही."

"मग इथं काय करतीस? जा, तो कोठडीत आहे म्हणून सांग तिला."

मॅडमच्या घरात ती भिंतीला टेकून बसली होती. मी सांगितलं.

"खरंच? कुलपात?"

"हौ, कुलपात."

ती खूप रडली. मग बाळाला छातीशी घेतलं. किती तरी वेळानं बाळाचं रडणं थांबलं आणि ते गटागटा गिळू लागलं.

मी दवाखान्यात पळत गेले. मॅडमच्या तोंडावर चादर ओढलेली होती. मी ती खाली केली आणि नर्स अडवत असताना त्यांच्या कानाशी ओरडले, "मॅडम, उतरलं!"