उघड्या खिडक्या

आमच्या अंगणवाडीला लागूनच द्राक्षबाग आहे. फवारणीचा ट्रॅक्टर आला की मी खिडक्या लावून घेते, तरी मुलं खोकतात. परवा बैठकीसाठी शेजारच्या गावच्या शाळेत गेले. तिथे गच्चीवर हवेतलं औषध मोजायचं यंत्र बसवलं होतं. तिथल्या बाई सहज म्हणाल्या, “आता बागवाले आधी फोन करतात. शाळा सुटल्यावरच फवारतात.”

सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. कुणाच्या पाटल्यांचा कधी वाटला नाही इतका हेवा मला त्या खिडक्यांचा वाटला. असूयेला लाज नसते. ती मला थेट आमच्या बागवाल्याच्या दारात घेऊन गेली.

“दादा, फवारायच्या आधी मलाही फोन करत जा.”

“तुमच्याकडं यंत्र बसवलंय का?”

“नाही,” मी म्हणाले, “पण मुलं आहेत.”

त्यांनी खाली बघत खिशातून मोबाइल काढला. “सांगा नंबर.”