भैरूबाला इचारून सांगतो

माणूस गेला की पहिले दोन दिवस रडण्यात जातात आणि तिसऱ्या दिवसापासून किस्से सुरू होतात. मागच्या महिन्यात आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण डोळे पुसत आत यायचा आणि कपातला चहा अर्धा झाला की म्हणायचा, ‘‘आबांचं एक सांगू का?’’ दहाव्यापर्यंत एवढे किस्से जमले की आम्हालाच कळेना, हा एकच माणूस होता की पाच-सहा! पण सगळ्या किश्श्यांत एक वाक्य ठरलेलं. ‘‘भैरूबाला इचारून सांगतो.’’

मुळशीतल्या आमच्या गावात भैरोबाला कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न विचारायचा आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा विचारलेलं परत विचारायचं नाही आणि मिळालेला कौल मोडायचा नाही. गावातले लोक वर्षाकाठी एखाद्या वेळी कौल लावतात. आबा म्हशीला कुठला डॉक्टर आणायचा हेही विचारायचे! आणि आम्ही घरातले सगळे त्या दोन पाकळ्यांना जाम टरकून असायचो.

*

मी कोथरूडची. नोकरी हिंजवडीत, संदीप तिथलाच कलीग. आमचं सगळं ठरलं आणि हा म्हणतो, ‘‘आता फक्त एक छोटीशी फॉर्मॅलिटी राहिलीय.’’

छोटीशी! मी ऑफिसच्या जिन्यात फोन हातात घेऊन उभी आणि तिकडे एक पाकळी माझं लग्न ठरवणार! वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. इंजिनिअर झालेली मुलगी मी, पण त्या दिवशी घरच्या गणपतीपासून सगळ्यांना हाका मारून झाल्या.

शेवटी फोन आला. ‘‘पडली.’’

‘‘अरे, पण कुठली?’’

‘‘उजवी. आबा रडतायत.’’

‘‘का? त्यांना नको होती का उजवी?’’

‘‘डावी पडली तर मला कसं सांगायचं, म्हणून सकाळपासून जेवले नव्हते ते.’’

*

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात संदीपला मित्रांबरोबर ताम्हिणीला जायचं होतं. आबांनी कौल लावला. डावी. संदीप ‘बरं’ म्हणाला, ‘भूगावला मित्राचा फ्लॅट बघायला जातो’ म्हणून निघाला आणि सरळ घाटात गेला.

घाटात पुढचं दिसेना एवढं धुकं. एका वळणावर ह्या पोरांनी चहासाठी गाडी बाजूला घेतली आणि समोर, पन्नास पावलांवर, अख्खी दरड रस्त्यावर आली. चहाला थांबले नसते तर? हा प्रश्न संदीप आजही पुरा करत नाही. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. मला सगळं सांगितलं, पण आबांना कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली.

आबा अंगणात गाडीभोवती एक चक्कर मारून आले. चाकांना लाल चिखल होता, काचेवर ओली पानं चिकटली होती.

‘‘भुगावात पाऊस लई दिसतोय,’’ एवढंच म्हणाले. ‘‘जेवून घे.’’

ताटावर बसून संदीप ढसाढसा रडला. त्यानंतर हा सायबाचा बच्चा गाडीचे टायर बदलायचे तरी आबांना देवळात पाठवायचा!

*

माझ्या बाळंतपणात मात्र उलटंच झालं. बाळाचे ठोके कमी-जास्त होत होते, डॉक्टर सिझर करावं लागेल म्हणत होते. भीतीनं माझी गाळण उडालेली. मीच हॉस्पिटलमधून फोन करून म्हणाले, ‘‘आबा, कौल लावा ना.’’

आबा उठून देवळात गेले. धोंडूकाका गुरवांनी पाकळ्या भिजवल्या, तर आबांनी त्यांचा हात धरला. ‘‘न्हाई. लावू नगंस.’’

‘‘का वो आबा?’’

‘‘लेकराचं इचारायचं नसतं. देव नगं ते बोलला, तर ते ठिवायचं कुटं?’’

पोरगी होईपर्यंत ते तसेच देवासमोर उभे होते, काहीही न विचारता.

*

नणंदेचा, सुनंदाचा, किस्सा गुरवांनीच सांगितला. तिला मारुंजीचा मुलगा आवडला होता. त्याचा टेम्पो होता, स्वभावानं सरळ होता, पण आबांना मारुंजीची धास्ती. ‘‘तितं समदी भाड्याची मानसं. शेजारी कोन ऱ्हातंय ते शेजाऱ्याला ठावं नसतं. पोरीला काय झालं तर हाक कुनाला मारायची?’’ शेवटी अर्थातच, ‘‘भैरूबाला इचारून सांगतो.’’

कौलाच्या आदल्या दिवशी सुनंदा गुपचूप गुरवांकडे गेली. ‘‘काका, उजव्या पाकळीला पाणी जरा कमी लावा.’’ पाणी कमी, की पाकळी लवकर सुटते. मग संदीप गेला. मग मी गेले. मला वाटलं, ही आयडिया माझीच!

काका म्हणाले, ‘‘वैनी, तुमच्या घरचं आता फकस्त आबा ऱ्हायलं यायाचं!’’

दुसऱ्या दिवशी आबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी खाली. आबा दचकले. ‘‘देवाला आज लई घाई हाय.’’

सुनंदा सुखात आहे. आबांना हे आम्ही कधीच सांगितलं नाही. सांगायची हिंमत कुणाची होती?

*

आणि आता आबांच्या ऑपरेशनचा किस्सा.

त्यांच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘आठ दिवसांत बायपास करा. नाहीतर मी काही सांगू शकत नाही.’’ आबा काय म्हणाले, ते तुम्हाला आता पाठ झालं असेल.

डावी पडली.

‘‘देव न्हाई म्हनला,’’ असं सांगून आबा शांतपणे जेवायला बसले. संदीप जन्मात पहिल्यांदा बापावर ओरडला. मी स्कूटर काढली आणि थेट गुरवांचं घर गाठलं. ‘‘काका, सुनंदाच्या वेळी पाणी कमी लावलंत, मग आत्ता काय झालं होतं? माणूस जाईल आमचा!’’

काका मान वर करेनात. ‘‘आबा आलं व्हतं काल,’’ ते म्हणाले. ‘‘इतक्या वर्सांत पैल्यांदा. म्हनलं, धोंडू, डावीला पानी कमी लाव. छाती फाडत्यात रं. लई भ्या वाटतंय मला.’’

घरी येऊन मी फक्त आईंना सांगितलं. सासूबाई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. ‘‘ठावं हाय मला,’’ म्हणाल्या.

सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. ‘‘मला कौल लावायचाय.’’ ह्या बाईनं आजवर देवाला एक प्रश्न विचारला नव्हता! आबा ताडकन उठले. ‘‘त्योच सवाल परत न्हाई इचारायचा!’’

‘‘माजा येगळा हाय.’’

देवळात आम्ही सगळे मागे उभे होतो. आईंनी हात जोडले. ‘‘देवा, मला हास्पिटलात जायाचंय. जाऊ का?’’

उजवी पडली. धोंडूकाकांनी पाणी किती लावलं होतं, ते मी विचारलं नाही.

आबांचा चेहरा उतरला. ‘‘तुला कशाला जायाचं हास्पिटलात?’’

‘‘मला काय ठावं? देवानं सांगितलंय. तुमी ऱ्हावा घरी.’’

आता पौड ओलांडलं की आईंना गाडी लागायची. आबांशिवाय त्या कधी पुण्याला गेल्या नव्हत्या. देवाचा कौल मोडता येत नाही आणि बायकोला एकटी धाडता येत नाही! आबांनी एकदा भैरोबाकडे बघितलं. मग खुंटीवरची टोपी काढायला घरी गेले.

ऑपरेशन झालं. आबा त्यानंतर आठ वर्षं जगले, नातीच्या शाळेच्या ट्रिपला परवानगी द्यायची की नाही, हेसुद्धा देवाला विचारत. पण मला आठवतो तो हॉस्पिटलचा काउंटर. आबांनी आईंचा हात गच्च धरला होता. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, ‘‘पेशंट कोण?’’

आबांचा हात एवढा कापत होता की आईंच्या बांगड्या वाजत होत्या.

‘‘ही,’’ आबा म्हणाले. ‘‘मी निस्ता सोबतीला आलोय.’’