पाठीमागची मूठ

माझ्या मावशीच्या हातात ज्या माणसाने स्टेथोस्कोप दिला, त्याला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. लोक म्हणतात, एवढं काय त्यात, बाहुलीच तर होती. स्वतःच्या पोराचा एक मार्क कमी आला तर ह्याच लोकांच्या घरात चूल पेटत नाही, आणि मला शिकवतात, एवढं काय त्यात.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. किल्लारीच्या पट्ट्यातल्या त्यांच्या गावात भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दगडमातीचं घर खाली आलं. आई दाराशी झोपली होती म्हणून वाचली, मावशी आत होती. तिचा एकच फोटो होता, तोही भिंतीबरोबर गेला. त्यामुळे मावशी आमच्याकडे होती ती फक्त आईच्या बोलण्यात, आणि त्या बोलण्यात तिची एक खोड नेहमी असायची. ती कायम मुठीत काहीतरी धरून हात पाठीमागे लपवायची. कधी चिंचेचं बोटुक, कधी शाळेतून आणलेला खडू, एकदा तर जिवंत भुंगा. दाखव म्हटलं की एक पाऊल मागे सरकायची. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळीही मूठ मागेच होती. आईने विचारलं तर म्हणाली, "उद्या दावते."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. पुढे बारावीनंतर मला डॉक्टर करायचं म्हणून घरच्यांनी नांदेडहून लातूरला क्लासला टाकलं. तिथे दोन वर्षं काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना यशस्वी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांचे फ्लेक्स, खाली मार्क, आणि मधून चालणारी आम्ही बिनचेहऱ्याची पोरं. जीवशास्त्राच्या वहीत मी पेशींपेक्षा नाकंच जास्त काढायची. तेव्हा आई भेटायला यायची, डबा द्यायची आणि लगेच परतीची एसटी धरायची. तिचं गाव तिथून जवळ होतं, पण त्या बाजूला जाऊ म्हटलं की तिचं डोकं दुखायला लागायचं.

डॉक्टर काही मी झाले नाही. संगणकावर पात्रं घडवायला शिकले, नांदेडला घरी बसून मोबाइलवरच्या खेळांसाठी राजे, राक्षस, म्हातारे करून देऊ लागले. नातेवाइकांना याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. लग्नाकार्यात कुणी विचारलं की आमच्याच एक काकू डोळे मिचकावून सांगायच्या, "सध्या बाहुल्या करून राहिली." मीही कधी उलट बोलले नाही असं नाही. बऱ्यापैकी बोलले.

तर एका उन्हाळ्यात मी मावशी घडवायला बसले. शेजारी खुर्ची ओढून आई. फोटो नाही, काही नाही, फक्त आईचे हुकूम.

"एवढं सरळ नाक न्हवतं तिचं. शेंड्याला जरा वर होतं."

वर केलं.

"लई वर झालं. पोपट केलास काय माय तिचा?"

गाल भरला तर म्हणायची खायला कुठं होतं एवढं, कमी केला तर म्हणायची आजारी दिसून राहिली. मी वैतागून उठायची, पाणी पिऊन परत बसायची. एका वेणीची रिबीन सुटलेली हवी, डावा खांदा जरा उंच हवा, उजवा हात मागे, मूठ गच्च. मग एका दुपारी मी हनुवटी किंचित वर उचलली आणि आई खुर्चीतून पुढे वाकली. पडद्याला बोट लावून म्हणाली, "हां. हाय. ही हाय." मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पडद्यावरची मावशी बाहुली होऊन हातात यायची तर तिचे तुकडे करणं भाग होतं. आख्खी मूर्ती साच्यातून निघत नाही, पाठीमागचा हात अडकतो. डोकं, धड, दोन हात, दोन वेण्या, पाय असे भाग मी वेगळे केले. डोकं वेगळं करायला लागले तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटत बसली. प्रत्येक जोडाला मी एका भागावर खुंटी आणि दुसऱ्यावर तिच्या मापाचं भोक केलं. हाताची खुंटी एका बाजूने चपटी ठेवली, म्हणजे तो हात एकाच रीतीने बसेल, पाठीमागे. दुसऱ्या रीतीने बसवायला गेलं तर बसणारच नाही.

मग ते भाग थ्रीडी प्रिंटरमधून घडीव काढले, धुतले, कानशीने आणि पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासले. घासताना डाव्या टाचेवर कानस घसरली आणि एक तिरकी खाच पडली. राहू दिली. सगळे भाग क्लेमध्ये अर्धे अर्धे रुतवून वरून रबरासारखं आळणारं सिलिकॉन ओतलं, अगदी बारीक धारेने, बुडबुडा राहू नये म्हणून. साचे झाले. त्यात ओतायचं रेझिन दोन बाटल्यांतलं, एकत्र केलं की आळायला लागतं. नांदेडच्या मे महिन्यात ते साच्यात जाण्याआधी कपातच दगड व्हायचं. म्हणून आम्ही पहाटे गच्चीवर बसून ओतायचो, आई कप धरायची. निघालेली पहिली मावशी जोडून, रंगवून तिने कपाटावर ठेवली. तिच्या बाजूने जाताना रोज एकदा मागे वाकून मूठ बघायची.

असे संच हौशी लोक विकत घेतात. डब्यात बिनरंगाचे भाग येतात, जोडायचं आणि रंगवायचं ज्याचं त्याने. मी आईला विचारलं, हिचे संच इतरांना देऊ का? ती म्हणाली, "जाऊ दे चार घरी. तिला लई हिंडायची हौस." म्हणून मी फोटो इंटरनेटवर टाकले.

ते बघून एक सर आले. लातूरचे क्लासवाले, नांदेडला नवी शाखा काढलेली. बसले, चहा घेतला, मावशीची गोष्ट ऐकली, डोळेसुद्धा पुसले. मग म्हणाले, "ताई, काम एक नंबर आहे. पण याला जरा मेसेज द्या. भूकंपातली लेक, पुढे डॉक्टर झाली! अंगात ॲप्रन, हातात स्टेथोस्कोप. आमच्या मुलांना सत्कारात देऊ."

मी म्हटलं, "सर, ती डॉक्टर झाली नाही. ती नऊ वर्षांची असताना वारली."

"ते मला कळलं हो. पण पालकांना पॉझिटिव्ह लागतं."

मी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. जाताना मुलीला रंगवायला म्हणून एक संच मात्र घेतला, आणि मी शहाणीने तो छान कागदात बांधून दिला.

पावसाळा संपता संपता शेजारच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला. तिच्या क्लासचा सत्कार होता, आईने यावं असा तिने हट्टच धरला. आम्ही गेलो. भरलेला हॉल, व्यासपीठावर तेच सर, आणि सॅटिन घातलेल्या टेबलावर ओळीने उभ्या माझ्या मावश्या.

मला वाटलं आपल्याला भास होतोय. मी कडेने वर जाऊन एक उचलली. डाव्या टाचेवर माझीच तिरकी खाच. माझ्या संचावरूनच साचे काढले होते. नकलेची नक्कल जरा आक्रसते, तशी ती माझ्या मावशीपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी बुटकी होती. आईने मला रडवून दुरुस्त करून घेतलेलं ते नाक बोथट झालं होतं. हेही मी एक वेळ गिळलं असतं. पण त्यांनी उजव्या हाताची खुंटी घासून टाकली होती, हात पुढे वळवून चिकटवला होता, खांद्याची फट पुट्टीने भरली होती आणि मुठीत काळ्या वायरचा स्टेथोस्कोप खुपसला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आईलासुद्धा जी मूठ त्या शेवटच्या संध्याकाळी उघडून बघायला मिळाली नाही, ती ह्यांनी खुशाल जगापुढे केली होती.

सर माइकवर जिद्दीबद्दल बोलत होते. मी तोंड उघडायच्या आत आई पायऱ्या चढून टेबलापाशी गेली. तिने एक बाहुली उचलून डोळ्यांजवळ धरली.

सर हसून म्हणाले, "मावशी, बसा बसा. सगळ्यांना मिळणार आहे."

"ही माझी बहीण हाय," आई म्हणाली. माइक जवळ होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

सर क्षणभर गडबडले, पण मुरलेला माणूस. "म्हणजे बघा, आम्ही तुमच्या बहिणीला डॉक्टर केलं!"

"तिला डॉक्टर व्हायचं न्हवतं," आई म्हणाली. "तिला डॉक्टर पाहिजे होता. दगडाखालून काढली तवा जित्ती होती ती. दुपारपर्यंत वाट बघितली. कुणी न्हाई आलं."

मावशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती, हे मला त्या हॉलमध्ये पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं आईने ते माझ्याजवळही काढलं नव्हतं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे. भूकंपग्रस्त बाईंचं मनोगत. कुणी तरी उभं राहूनही वाजवल्या. सरांनी हात जोडून मान लववली आणि पुढचं नाव पुकारलं. आई बाहुली पदराखाली घेऊन उतरली, तिला कुणी अडवलं नाही.

नंतर मी सरांना गाठून जे बोलायचं ते बोलले. ते म्हणाले, "ताई, बाहुलीवर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का?" चोर तो चोर, वर शिरजोर. उरलेल्या सगळ्या त्यांनी वाटल्या. आज नांदेड-लातुरात किती पोरांच्या अभ्यासाच्या टेबलावर माझी मावशी हात पुढे करून उभी असेल, हे आठवलं की माझा जेवणावरचा हात थांबतो.

घरी आल्यावर आईने चप्पलही न काढता माझ्याकडे बारीक पाती मागितली. आधी ती वायर कापून केरात टाकली. मग पुट्टी खरवडून हात सोडवला. मी म्हटलं, "आई, आपली चांगली आहे की कपाटावर. ही चोरीची कशाला ठेवतेस?"

"ही बी तीच हाय," ती म्हणाली.

मी गोंद दिला. खुंटी नव्हती, त्यामुळे हात आपला आपण जागेवर राहीना. आईने तो पाठीमागे नेला आणि गोंद वाळेपर्यंत मुठीवर अंगठा दाबून बसली.

"दावू नको, माय," ती तिला म्हणाली. "कुणालाच दावू नको."