पावसासाठी की गॅससाठी

आखातातल्या लढाईच्या हिवाळ्यात मी तिकडे बुरैदाच्या शेतांवर मोटरसायकलने जाऊन पंप दुरुस्त करायचो. भिजून तापाने पडलो, तेव्हा कफील, म्हणजे मला तिथे आणणारा मालक, म्हणाला, पुन्हा पडलास तर खलास, घरी जा. म्हणून जाकीट घ्यायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "भाई, बारिश के लिए या गॅस के लिए?" विषारी गॅसच्या हल्ल्याच्या भीतीने लोक प्लास्टिकचं काहीही उचलत होते. मी गोंधळलो. चामड्याचं उबदार, पण भिजणारं. प्लास्टिकचं भिजत नाही, पण थंडगार. लेबल वाचता येत नाही हे त्याला कशाला सांगू? दोन्ही घेतली.

पावसात प्लास्टिकचं आत, चामड्याचं वर घातलं. ते भिजून दगडासारखं जड झालं.

खोलीतले सोबती हसले, "अरे, उलटं घातलंस!"

"आत कोरडा आहे ना मी?"

ताप आला नाही. पण कुठलं वर घालणं बरोबर, ते अजून कळलेलं नाही.